मामूंच्या घरची माणसं

"हे आपल्या घरचे हायेत, साहेब."

उजवा हात शेजारच्या माणसाच्या खांद्यावर, डावा खिडकीच्या कठड्यावर, आणि चेहरा असा की जणू लग्नाची पत्रिका द्यायला आले आहेत. मामू दवाखान्याच्या खिडकीशी हे वाक्य रोज म्हणत. मग नातं सांगत. कधी साडू, कधी व्याही, कधी चुलत सासरे, तर कधी नुसतंच "आमच्या आईकडून लागतात." नात्यांची त्यांना कधी कमतरता पडली नाही.

एकदा रिद्धपूरचे एक महानुभाव बाबा आले होते. अंगावर काळी वस्त्रं, पाय सुजलेला, उभं राहवत नव्हतं. मामूंच्या डोक्यावर जाळीची पांढरी टोपी आणि मेंदी लावलेली दाढी. "माहे मावसभाऊ हायेत," मामू म्हणाले. केसपेपर काढणाऱ्या बाबूंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. बाबांनी हात जोडून "दंडवत प्रणाम" केला. बाबू म्हणाले, "मामू, तुमच्या मावशीचं लग्न कोठी झालतं ते एकदा सांगून द्या बा." पण केसपेपर निघाला, आणि बाबांना बसायला बाकही मिळालं.

हा दवाखाना सरकारी, अमरावतीकडचा. नाव सांगत नाही. सांगितलं तर वाचणाऱ्याचं भांडण त्या एका इमारतीशी होईल, आणि माझं भांडण तिच्याशी नाही. तुमच्या गावचाच समजा. मी तिथे समाजसेवा विभागात काम करते. म्हणजे बोळीत एक टेबल, दोन खुर्च्या, आणि आपलं दुखणं कुठल्या योजनेत बसतं हे विचारायला येणारी माणसं. माझा स्वभाव जरा कडक आहे. रांग म्हणजे रांग. लहानपणी अकोल्यात रेशनच्या दुकानासमोर आईबरोबर उभी राहायचे, तेव्हापासून मधे घुसणारा माणूस मला सहन होत नाही. त्यामुळे मामूंचं आणि माझं सुरुवातीला मुळीच जमलं नाही.

मामू परतवाड्याचे. एसटीत कंडक्टर होते. मेळघाटातली माणसं काळीपिवळी जीपमध्ये कोंबून परतवाड्यापर्यंत उतरत आणि पुढे अमरावतीला मामूंच्या गाडीनं येत. त्यांत कोणी ना कोणी आजारी असायचंच. दवाखान्याचं फाटक आलं की थांबा नसताना मामू बेल मारत, म्हाताऱ्याला हाताला धरून उतरवत, आत खिडकीपर्यंत पोचवत आणि मग गाडीत परत येत. तोवर बाकीचे प्रवासी घड्याळं पाहत बसत. एकदा एक जण चिडून म्हणाला, "तुमच्या घरचा हाय काय तो?" मामू म्हणाले, "हो. माहा मामा हाय." गाडी गप्प झाली. हे नात्याचं प्रकरण तिथून सुरू झालं, असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

निवृत्त झाल्यावर अंगावरची खाकी उतरली, बाकी काही उतरलं नाही. सकाळच्या गाडीनं ते परतवाड्याहून येत, आणि येताना स्टँडवर बावरून उभी असलेली माणसं बरोबर घेऊन येत. पेशंटला ते 'सीट' म्हणत. "आज तीन सीटा हायेत म्याडम, एक जरा नाजूक हाय." दवाखान्याच्या बोळीत उभे राहायचे तेही पाय फाकवून, पाठ खांबाला लावून. फरशी कधीही वळण घेईल अशा तयारीत. हे सगळं ते कशासाठी करतात, असं नवीन डॉक्टर मला विचारत. कोणाकडून ते काही घेत नव्हते, एवढं मी सांगू शकत होते. घरी बायको नव्हती, मुलगी अकोल्याला दिलेली. बाकीचं तुम्हीच ओळखा.

पण माझा राग तेवढ्यानं जाणारा नव्हता. मी टेबलावरून पाहायचे, तर सकाळपासून रांगेत बसलेली माणसं तशीच बसलेली, आणि मामूंचा साडू डॉक्टरांच्या खोलीत. एकदा त्यांना मी चहाला बसवलं आणि विचारलं.

"मामू, बसमध्ये कधी कोणाला फुकट नेलंत?"

"नाही बा. आपल्या गाडीत साऱ्याईले तिकीट. माह्या बायकोले बी."

"मग तिथे नियम आणि इथे वशिला, हे कसं?"

त्यांनी बशीतला चहा फुंकला. "बसमधी सीट भेटली नाही तं मानूस उभा राहून बी पोचते, म्याडम. इथं उभा राहून पोचत नाही."

माझ्या टेबलामागे भिंतीवर रुग्णांच्या हक्कांची पाटी आहे. वरिष्ठांच्या मागे लागून मीच ती लावून घेतली. मामू तिच्या खिळ्याला आपली पिशवी अडकवत, त्यामुळे पहिले दोन हक्क दुपारपर्यंत झाकलेले असत. मी पिशवी काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, वाचा. उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, त्यासाठी कोणाचं कोणी लागावं लागत नाही.

"एसटीत बी लिहेल राह्यते," मामू म्हणाले. "अपंगासाठी राखीव. सीटच्या वरतं, ठळक अक्षरात. लिहेल हाय म्हनून कोनी उठते काय? तगडा जवान बसेल राह्यते खिडकीच्या बाहीर पाहत. त्याले उठवा लागते."

"बरोबर. पण तिथे लिहिलेलं नसतं तर त्याला कशाच्या जोरावर उठवलं असतंत?"

मामूंनी पाटीकडे पाहिलं. "हे बी खरं हाय," म्हणाले. आपल्याविरुद्धची गोष्ट पटली तर ते लगेच कबूल करत. हा गुण माझ्यात नाही.

"आणि मेळघाटातून येणारा प्रत्येक जण तुम्हाला भेटतो का?"

"जो भेटला थो आपला."

"आणि जो भेटला नाही तो?"

"चाय थंडी होऊन राह्यली," मामू म्हणाले आणि बशी तोंडाला लावली.

मला वाटतं, हा वाद आमच्यात कधी संपलाच नाही. नुसता चहाच्या वेळेला सुरू व्हायचा आणि पुढची सीट आली की थांबायचा. माझं म्हणणं साधं होतं, आजही तेच आहे. घटनेत जगण्याचा हक्क आहे. त्या जगण्यात औषधपाणी येतं असं न्यायालयांनी म्हटलेलं आहे, पण मूलभूत हक्कांच्या यादीत ते वेगळं, स्पष्ट शब्दांत लिहिलेलं नाही. ते लिहावं. लिहिलं म्हणजे दवाखान्यात येणाऱ्याला हात जोडावे लागणार नाहीत आणि सरकारला हात झटकता येणार नाहीत. मामूंचं म्हणणं असं की हक्कानं खाट मिळेल, पण रात्री तोंडाशी पाण्याचा गिलास कोण धरेल? त्याला आपला माणूसच लागतो. आम्ही दोघंही बरोबर होतो, हे कळायला आम्हाला बरीच वर्षं लागली.

एका कॉलेजात या विषयावर परिसंवाद होता. मला बोलायला बोलावलं होतं, मी मामूंना ओढून नेलं. पहिल्या रांगेत बसवलं. एक डॉक्टर म्हणाले, हक्क असावा. एक वकील म्हणाले, असलाच पाहिजे. एक पुढारी तर टेबलावर हात आपटून म्हणाले. मी कलमं सांगितली. मामू दोन्ही पाय फाकवून, मान मागे टाकून गाढ झोपले होते. घोरण्याचा आवाज माईकमध्ये येत होता, असं नंतर मला संयोजकांनी हळूच सांगितलं.

परत येताना रिक्षात मी जरा घुश्शातच होते. मामू बाहेर पाहत म्हणाले, "म्याडम, झोपीत बी आयकू येत होतं मले. सारेच तं हो म्हनून राह्यले होते. मंग अडलं कोठी?"

"पैशापाशी," मी म्हटलं. "आणि डॉक्टरांपाशी. गावात कोणी जात नाही."

"मंग त्याहीले बोलवाचं ना परिसंवादाले. आपल्याले काहून बोलावते?"

मला हसू आलं. राग गेला. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना जरा बरे वाटायला लागलो.

आता ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो आला.

आमच्याकडे तेव्हा पोटाची सोनोग्राफी करणारे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येत. बाहेरगावाहून यायचे, दुपारच्या जेवणाआधी निघून जायचे. त्या सकाळी बोळ गरोदर बायकांनी भरलेली असे. कोणी बाकावर, कोणी फरशीवर, कोणी भिंतीला टेकून डोळे मिटलेल्या. मामू परतवाड्याच्या एका शिंप्याच्या बायकोला घेऊन आले. पहिलटकरीण, घाबरून रडत होती. मामूंना रडणं बघवत नसे. "माही भाची हाय," ते दारावरच्या बाईंना म्हणाले. दाराशी फरशीवर दोघी बसल्या होत्या, मेळघाटातल्या कोरकू सासू-सुना. मामू त्यांना म्हणाले, "जरा सरका, माय." त्या सरकल्या. डोंगरातली माणसं सरक म्हटलं की सरकतात. काहून म्हणून विचारत नाहीत.

शिंप्याच्या बायकोचं सगळं ठीक निघालं. ती हसत बाहेर आली. तिच्यामागे दार बंद झालं. डॉक्टरांची वेळ संपली होती. उरलेल्या सगळ्यांना पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं. त्या दोघी उठल्या, गाठोडं घेतलं आणि गेल्या. हे मी माझ्या टेबलावरून पाहिलं, पण त्यात वेगळं असं काही दिसलं नाही. दर आठवड्याला असंच व्हायचं.

पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत.

आल्या त्या बऱ्याच दिवसांनी. मामूच त्यांना परतवाड्याच्या स्टँडवरून घेऊन आले. सुनेला ताप होता, अंगात रक्त नव्हतं, पोट रिकामं झालेलं आणि हातात काही नाही. त्या दिवशी मामूंनी नातं सांगितलं नाही. कुठलंच नाही. मला म्हणाले, "म्याडम, हिले पहा जरा," आणि स्वतः जाऊन रांगेत उभे राहिले. मी डॉक्टरांना बोलावलं, सुनेला लगेच भरती केलं. तशी तिची अवस्थाच होती, त्यात कोणावर मेहेरबानी नव्हती.

मग मामू माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसले. चहा आला तो तसाच राहिला.

"बसमधी थे म्हातारी मले सांगत होती," ते म्हणाले. "मोडक्यातोडक्या हिंदीत. म्हने, लेकरू आडवं होतं पोटात. घरीच अडली पोरगी. गाडी येता येता लेकरू गेलं. मी म्हनलं, माय, आधी दवाखान्यात काहून नाही दाखवलं? तं म्हने, दाखवाले आलो होतो ना. दरवाज्यापाशी बसलो होतो. एक दवाखान्याचा आदमी आला, बोलला सरको, तो सरक गये. फिर दरवाजा बंद हो गया."

त्यांनी समोरचा चहा बाजूला सारला.

"मले दवाखान्याचा आदमी समजली थे. आताबी ओळखलं नाही तिनं मले. उलट माहा हात धरून म्हने, उस दिन हमारे साथ कोई नहीं था, आज तुम हो."

मामूंना रडताना मी तेव्हा पाहिलं. आवाज नव्हता. दाढीतून पाणी उतरत होतं आणि ते पुसत नव्हते. मी माझ्या स्वभावाप्रमाणे वादच घातला.

"मामू, त्या दिवशी तपासणी झाली असती तर मूल वाचलं असतं, असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. आणि मशीन एक, डॉक्टर आठवड्यातून एकदा, हे तुम्ही केलं नाही. रांग तुम्ही लांब केली नाही."

"तोडली तं मीच ना," मामू म्हणाले.

त्यांना ते एवढ्या दिवसांत मीच तर सांगत होते. आता त्यांना पटलं होतं, आणि ते पटू नये असं मला वाटत होतं.

ती सून बरी झाली. मामू रोज वॉर्डात जाऊन सासूजवळ बसत, आणि ज्या दिवशी त्या गावाला निघाल्या त्या दिवशी फाटकाशी त्यांनी सासूला सगळं सांगून टाकलं. मी अडवत होते. काय मिळणार आहे सांगून, असं माझं म्हणणं. सासूनं ऐकून घेतलं. तिला किती कळलं कोण जाणे. नंतर गाडी आली तेव्हा मामूंनी गाठोडं चढवायला हात पुढे केला, तर तिनं गाठोडं त्यांना दिलं नाही, स्वतःच चढवलं. मामू फाटकाशी गाडी जाईपर्यंत उभे होते.

त्यानंतर मामू बदलले. येत रोज, पण आल्याबरोबर रांगेच्या पुढच्या टोकाला न जाता मागच्या टोकाला जात. "शेवटी कोन हाय?" असं विचारत आणि जो असेल त्याच्याजवळ उभे राहत. त्याच्याशी बोलत, पाणी आणून देत, चक्कर आली तर बसवून जागा राखत. फार नाजूक सीट असली तर खिडकीशी न जाता सरळ नर्सबाईंना दाखवत, आणि बाईंनी आधी घ्या म्हटलं तरच पुढे नेत. खिडकीवरचे बाबू म्हणायचे, "मामू, नातेवाईक संपले काय?" मामू नुसते हसत.

सोनोग्राफीच्या दिवशी मात्र ते हसत नसत. दुपारी दार बंद झालं की उरलेल्या बायकांना विचारत, कुठून आल्या, परत कशा जाणार. एकदा मला म्हणाले, "म्याडम, एक दिवस आनखी कोनाले मागा लागते?"

मी दवाखान्याच्या मुख्य साहेबांचं नाव सांगितलं. अर्ज लिहायला कागद काढला, तर म्हणाले, "कागद तुमी पाठवा. आमी आमच्या पायानं जातो."

आणि गेले. त्या दिवशी ज्यांची तपासणी राहिली त्या सगळ्या बायका, त्यांच्या सासवा, आया, एक-दोघींचे नवरे, अशी ती रांग जशीच्या तशी उठली आणि मुख्य साहेबांच्या खोलीसमोर जाऊन उभी राहिली. आरडाओरडा नाही, घोषणा नाही. मामू सगळ्यांच्या शेवटी. साहेब बाहेर आले आणि चक्रावले. कोण बोलणार म्हणून विचारलं, तर सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मामूंना पुढे यावं लागलं.

त्यांनी मागणी सांगितली. आठवड्यातून आणखी एक दिवस डॉक्टर हवेत, आणि जिची तपासणी आज राहील तिचा नंबर पुढच्या वेळी पहिला. एवढंच.

साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला खालूनवरून विचारणारे फार होते. तो वैतागून म्हणाला, "ते सगळं ठीक आहे. पण तुम्ही यांचे कोण?"

बोळीच्या दोन्ही टोकांना असलेली माणसं आता ऐकत होती. खिडकीवरचे बाबू मान बाहेर काढून उभे होते. मामू आता काय नातं सांगतात, याची त्यांना उत्सुकता होती, आणि खोटं कशाला बोलू, मलाही होती.

"कोनी नाही, साहेब," मामू म्हणाले. "याइचं कोनीच नाही इथं. म्हनून तं आलो."

साहेबांनी कागद मागवून घेतला. वर पाठवला. बरेच दिवस काही झालं नाही, मग मामू पुन्हा रांग घेऊन गेले, आणि शेवटी आठवड्याचे दोन दिवस झाले. पुढे त्या डॉक्टरांची बदली झाली तेव्हा परत एकावर आले. मामू परत गेले. हे असंच चालायचं. मिळालेली गोष्ट मिळालेलीच राहील असं आपल्याकडे समजू नये. पण राहिलेल्या बाईचा नंबर पुढच्या वेळी पहिला, हा नियम मात्र टिकला. आजही टिकून आहे, आणि तो कोणी सुरू केला हे तिथे आता कोणाला माहीत नाही.

मामूंची छाती कधीपासून बिघडली मला नक्की सांगता येणार नाही. धाप लागायची. मी म्हणायचे तपासून घ्या, तर म्हणत, "आज लाईन लय हाय, उद्या पाहू." मग एकदा काही दिवस दिसले नाहीत आणि अकोल्याहून त्यांच्या मुलीचा फोन आला. अब्बूंना तिकडे नेलं आहे, दवाखान्यात आहेत, तुमची आठवण काढतात.

मी अमरावतीहून अकोल्याची गाडी धरली. वॉर्डात मामू खाटेवर उशांना टेकून बसले होते, नाकाला नळी. मला पाहून त्यांनी हात वर केला. बोलताना दम लागत होता, तरी थांबायला तयार नव्हते.

"म्याडम, एक गंमत सांगतो. इथं मले कोनी ओळखत नाही. एक मानूस नाही. लायनीत बसलो, माहा नंबर आला, डाक्टरनं तपासलं, म्हने भरती व्हा. अन् हे पहा, खाट भेटली. कोनी ईचारलं नाही, तुमी कोनाचे कोन." ते खाटेच्या लोखंडी कडेवर हात फिरवत होते. "तुमचं खरं निंगालं. होऊ शकते. आपन उगाच फिकर करत होतो."

इतका समाधानी चेहरा मी त्यांचा त्याआधी पाहिला नव्हता. मी त्यांच्यासाठी संत्री नेली होती. ती सोलून दिली. त्यांनी दोन फोडी खाल्ल्या आणि उरलेली शेजारच्या खाटेवरच्या माणसाला द्यायला लावली. "त्याच्याजोळ कोनी येत नाही," म्हणाले.

निघताना जावई फाटकापर्यंत पोचवायला आला. अकोल्यात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. शांत पोरगा. फाटकाशी तो थांबला.

"म्याडम, अब्बूले एक गोष्ट सांगू नोका. खाट नव्हती. डाक्टर म्हने, उद्या पाहू, नाही तं परवा. माह्या दुकानाच्या बाजूले एक जन हाय, त्याचा साळा इथं कामाले हाय. त्याले फोन केला, तवा झालं. अब्बू लायनीतच बसेल होते, त्याईले मालूम नाही."

मी मान हलवली. गाडीत बसल्यावर मला रडू आलं. शेजारच्या बाईनं विचारलं, कोणी गेलं का हो? मी नाही म्हटलं. काय गेलं होतं ते तिला सांगता आलं नसतं. तो फोन केला नसता तर मामूंना त्या रात्री खाट मिळाली नसती, आणि केला म्हणून कोणाची तरी मिळाली नाही. जावयाच्या जागी मी असते तर मीही फोनच केला असता. हे मी लिहून ठेवते आहे, कारण परिसंवादात हे कोणी बोलत नाही.

मामू त्याच खाटेवर गेले. त्यांना परतवाड्याला नेलं. जनाजा उठला तेव्हा मी पोचू शकले नाही. जावई सांगत होता, शेवटपर्यंत प्रत्येक भेटायला येणाऱ्याला ते खाटेची गोष्ट सांगत होते.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळची परतवाड्याची गाडी येऊन गेली होती. एक म्हातारा आणि त्याची बायको बोळीत शिरले. मेळघाटाच्या पायथ्याकडचे असावेत. बायकोचा श्वास वाजत होता. म्हातारा माझ्या टेबलाशी आला आणि मामू कुठे भेटतील म्हणून विचारू लागला. मी सांगितलं.

त्यानं बायकोला बाकावर बसवलं. मग म्हणाला, "मंग आता आमी कोनाच्या नावानं यावं?"

"तुमच्याच नावानं यायचं, बाबा. दवाखाना तुमचाच आहे."

तो हसला. समजूतदार माणूस लहान मुलाच्या बोलण्यावर हसतो तसा. "माह्या नावानं कोन देते, बाई," म्हणाला, आणि बायकोच्या काखेत हात घालून तिला उठवायला लागला. परतीची गाडी लगेच होती.

मी खुर्ची सोडून उठले आणि जाऊन त्यांच्या वाटेत उभी राहिले. माझा आवाज बहुतेक चढला असावा, कारण खिडकीवरचे बाबूही बघायला लागले. मी म्हटलं, "कोठी नाही जायचं. आधी नाव सांगा. तुमचं अन् याइचं."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मग उसनं मागायला आल्यासारखं, खाली पाहत, त्यानं स्वतःचं नाव सांगितलं.